बारा हजार आठशे

फ्लॅश नाही, म्हणाला सिप्रियान.
लायट मारूं नाका, बाये, सुंगटां फाटीं वतलीं.
अवस होती. चोडणच्या बांधावर
एकच कंदील, तोही काजळी धरलेला,
आणि मानशीच्या दारातून
खाजणाचं पाणी मांडवीकडे निघालेलं
रात्री अडीच वाजता, ओहोटीच्या हिशेबाने.

भिंग होतं तितकं उघडलं.
शटर आणखी सावकाश केलं तर
जाळं ओढणारे हात नुसता धूर होतात.
उरलं एकच चाक. फिरवत गेले.
सोळाशे, बत्तीसशे, चौसष्टशे,
बारा हजार आठशे.
लग्नाच्या हॉलमध्ये मी कधी इथवर आले नव्हते.
तिथे नवरीच्या गालावर एक कण चालत नाही.

केंकरे मास्तर म्हापशाच्या स्टुडिओत
चष्मा पुसत पुसत सांगायचे:
आयएसओ वाढवला म्हणून उजेड वाढत नाही गो.
दुरून कुणी बोललेलं अर्धंमुर्धं कानावर येतं,
तेच तू मोठ्याने सांगतेस.
मग वाराही मोठा होतो.
आणि हेही, दर खेपेला:
भिऊन आकडा खाली ठेवशील,
आणि घरी जाऊन काळोख उपसायला बसशील,
तर विहिरीचा गाळ तेवढा हाती येईल.

पहिल्या फेरीबोटीने रायबंदरला उतरले.
फोंड्याला पोचून, चहा न घेता, पडद्यावर
शंभर टक्के मोठा केला
तर सिप्रियानचा चेहरा म्हणजे वारूळ.
सावल्यांत तांबडे, हिरवे, जांभळे ठिपके,
कुणाच्याच मालकीचे नसलेले.
ते आधी पुसले. त्यांच्याबद्दल वाद नव्हता.

मग दुसरी पट्टी, करड्या कणांची.
वीस.
चाळीस.
पन्नासला पाण्याचा आवाज बंद झाला.
साठला जाळ्याच्या गाठी विरघळल्या,
सुंगटांच्या मिशा गेल्या.
कंदिलाभोवतीची चिलटं तर यंत्राने
दोष समजून कधीच उचलली होती.
ऐंशीला सिप्रियान
फेस्ताच्या फेरीत नवसाचे मेणाचे हातपाय मांडतात
तसा गुळगुळीत, कुणाचाही.

त्यात स्विंडनहून त्याच्या लुर्दचा निरोप:
पापाच्या तोंडार इतली रेंव कित्याक?
साफ करून धाड, हॉलांत लावपाची आसा.

दोन्ही छापले. एक ऐंशीचा,
एक बावीसचा. बावीसच का, ते विचारू नका.
सिप्रियान बाल्कांवात जाळं सांधत बसला होता,
दातांत दोरा.
पहिला फोटो त्याने हात लांब करून पाहिला.
हो कोण? पाद्री?
बायको आतून हसली.

दुसऱ्यावरून त्याने अंगठा फिरवला,
कपाळावरून, मग गालावरून,
मग अंगठा उजेडात धरून बघितला.
मीठ, म्हणाला.
पोरवयात तो आगरात होता, हे मला
तेव्हा कळलं, आणि तेही बायकोकडून.
पुन्हा एकदा घासलं त्याने.
वचना, म्हणाला,
जाणार नाही हे जणू मलाच समजावत,
आणि फोटो खिशात घातला, घडी करून,
घडी करून!
मी काही बोलले नाही.

लुर्दला काय पाठवायचं ते अजून ठरत नाही.

त्याच रविवारी म्हार्दोळला लग्न.
भर उन्हात, देवळाच्या तळीकडे तोंड करून उभी जोडी,
आणि मी चाक परत फिरवायला विसरले.
पहिले तीन फोटो नुसते पांढरे,
मे महिन्यातल्या आगरासारखे.
पुसून टाकलेले नाहीत.
त्यात कुठेतरी नवरी आहे.